तीस बुगाटी आणि एक लोकर गिरणी : श्लुम्फ बंधूंच्या मोटारींचा इतिहास

१/
मार्च १९६४. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एका मालगाडीवर जुन्या मोटारी चढवल्या जात होत्या. एकूण तीस मोटारी, आणि तीसच्या तीस एकाच कारखान्याच्या : बुगाटी. समुद्रापलीकडे फ्रान्समधील एका लोकर गिरणीचा मालक त्यांची वाट पाहत होता. साऱ्या मोटारींची मिळून किंमत ठरली होती ८५,००० डॉलर.

२/
तेरा वर्षांनी त्याच मालकाचे कामगार एका बंद इमारतीत जबरदस्तीने शिरले आणि त्यांना त्या मोटारी प्रथमच दिसल्या. त्या दिवसापासून जो प्रश्न उभा राहिला, तो जुन्या वस्तूंच्या प्रत्येक शौकिनाने स्वतःला विचारावा असा आहे : दुर्मीळ वस्तू नेमकी कोणाची? विकत घेणाऱ्याची, ज्यांच्या श्रमातून पैसा आला त्यांची, की समाजाची?

३/
प्रथम या हौसेचा उगम पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी जुनी मोटार म्हणजे अडगळ होती. नवे मॉडेल आले की जुने भंगारात जाई. इंग्लंडमध्ये १९३० साली ‘व्हेटरन कार क्लब’ आणि १९३४ साली ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ स्थापन झाला, तेव्हा कुठे जुन्या मोटारी जपणाऱ्यांना एकमेकांचा पत्ता लागला. ‘व्हिंटेज’ हा शब्दही मूळचा द्राक्षमद्याच्या व्यापारातला. अमुक वर्षाचे पीक, अमुक वर्षाची चव. मोटारींनाही तोच न्याय लागू झाला.

४/
या बाजारात किंमत लोखंडाची नसते, ओळखीची असते. मोटारीच्या सांगाड्यावर, म्हणजे चॅसीवर, एक क्रमांक कोरलेला असतो. इंजिनालाही क्रमांक असतो. मूळ चॅसीवर मूळ इंजिन आहे का, वरची बांधणी कोणत्या कारागिराची, पहिला मालक कोण, नंतर ती कोणाकोणाच्या हाती गेली, ही वंशावळ अखंड असेल तर मोटारीला मोल येते. वंशावळ तुटली की संशय सुरू होतो.

५/
बुगाटीची वंशावळ विशेष जपली गेली. एत्तोरे बुगाटी हा मिलानमध्ये जन्मलेला इटालियन. १९०९ साली त्याने अल्सास प्रांतातील मोल्सहाइम येथे कारखाना काढला. तेव्हा अल्सास जर्मनीत होते. पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रान्सकडे आले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत या कारखान्यातून सुमारे आठ हजार मोटारी बाहेर पडल्या. संख्या थोडी, पण शर्यतींतील कीर्ती मोठी आणि देखणेपणही तसेच.

६/
त्यांतील सर्वांत भव्य मोटार ‘रोयाल’. १२.७ लिटरचे इंजिन, सहा मीटरहून अधिक लांबी. राजेमहाराजे ती घेतील अशी एत्तोरेची अपेक्षा होती. मात्र जागतिक मंदी आली. पंचवीस बांधण्याचा बेत होता. बांधल्या गेल्या सहा, आणि ग्राहक मिळाले अवघे तीन. उरलेली अवजड इंजिने पुढे रेल्वेच्या डब्यांत बसवून कारखान्याने तग धरला.

७/
या सहा मोटारींचे पुढे काय झाले, त्यातच या बाजाराचा सारा चढउतार दिसतो. एका जर्मन डॉक्टरने घेतलेली रोयाल फिरत फिरत न्यूयॉर्कच्या भंगारवाड्यात पोहोचली. चार्ल्स चेन या मोटार अभियंत्याने ती तिथून विकत घेतली, नव्याने उभी केली आणि पुढे हेन्री फोर्ड संग्रहालयाला देऊन टाकली. त्याच्या नजरेस ती पडली नसती, तर तिचे लोखंड कधीच वितळले असते.

८/
न विकल्या गेलेल्या तीन रोयाल बुगाटी कुटुंबाकडेच राहिल्या. जर्मन फौजांच्या हाती लागू नयेत म्हणून युद्धकाळात कुटुंबाच्या एर्मनॉनव्हिल येथील घरी त्या विटांच्या भिंतीआड दडवण्यात आल्या. १९५० साली अमेरिकन शर्यतपटू ब्रिग्ज कनिंगहॅमने त्यांतील दोन घेतल्या. मोबदला काय? थोडी रोकड आणि नवे रेफ्रिजरेटर. युद्धाने पोळलेल्या फ्रान्समध्ये रेफ्रिजरेटर मिळणे मुश्कील होते. रोयाल मात्र कोणालाच नको होती.

९/
तिसऱ्या ग्राहकाची, म्हणजे कॅप्टन कथबर्ट फॉस्टरची मोटार इंग्लंडमध्ये होती. १९४६ साली ती जॅक लेमन बर्टन या बुगाटीच्या व्यापाऱ्याकडे आली. दहा वर्षांनी त्याने ती ३,५०० पौंडांना जॉन शेक्सपिअर नावाच्या अमेरिकन संग्राहकाला विकली. इलिनॉयहून निघालेल्या त्या तीस मोटारींत हीच रोयाल होती.

१०/
१९५० च्या दशकातला हा व्यवहार बहुतांशी परिचयावर चाले. पत्र लिहायचे, छायाचित्र मागवायचे, क्लबातल्या कुणाला तरी जाऊन पाहून यायला सांगायचे. इंग्लंडमधील ‘बुगाटी ओनर्स क्लब’ १९२९ पासून कार्यरत होता. ह्यू कॉनवे या अभियंत्याने क्रमांकवार नोंदी गोळा करून १९६२ साली ‘बुगाटी रजिस्टर’ प्रसिद्ध केले. कोणती मोटार कोणाकडे आहे, हे शौकिनांना एकमेकांच्या मदतीसाठी कळावे, हा अशा नोंदींचा हेतू. सुटा भाग हवा असेल तर कोणाला विचारावे, हे त्यातून समजे.

११/
अशा नोंदींचा वेगळाच उपयोग ज्याला सुचला, त्याचे नाव फ्रिट्झ श्लुम्फ. हान्स (जन्म १९०४) आणि फ्रिट्झ (जन्म १९०६) हे दोघे भाऊ. वडील स्विस, आई अल्सासमधील म्युलूझची, दोघांचा जन्म इटलीत. लहानपणीच ते आईच्या गावी आले. १९३५ साली त्यांनी लोकर उद्योगाची कंपनी काढली. युद्धानंतर एकेक गिरणी विकत घेत अल्सासच्या लोकर धंद्यावर त्यांनी मोठी पकड बसवली. माल्मर्सपाख हे त्यांचे मुख्य ठाणे होते.

१२/
फ्रिट्झला बुगाटीचे वेड तरुणपणापासून होते. पैसा हाती आल्यावर त्याने नोंदींतील मालकांना सरसकट पत्रे पाठवायला सुरुवात केली : मोटार विकायची आहे का, किंमत सांगा. अनेकांनी होकार दिला. घराबाहेर उभी असलेली, सुटे भाग न मिळणारी मोटार कोणी एकगठ्ठा पैसे देऊन नेत असेल, तर नको कोण म्हणेल? १९६३ साली खुद्द बुगाटी कारखाना दुसऱ्या कंपनीकडे गेला, तेव्हा कारखान्याकडे उरलेल्या अठरा मोटारीही फ्रिट्झने घेतल्या. भिंतीआड दडवलेली तिसरी रोयाल, एत्तोरेची स्वतःची ‘कूपे नेपोलियन’, त्यांतच होती.

१३/
त्याच सुमारास शेक्सपिअरशी पत्रव्यवहार सुरू झाला. फ्रिट्झ स्वतः अमेरिकेला गेला नाही. तिथल्याच एका बुगाटीप्रेमीकडून त्याने मोटारींची पाहणी करवली. त्या चांगल्या अवस्थेत ठेवलेल्या नाहीत, असे कळले. घासाघीस झाली आणि सौदा ८५,००० डॉलरवर तुटला. सरासरी काढली तर एका मोटारीमागे तीन हजार डॉलरही पडले नाहीत, आणि त्यात एक रोयाल.

१४/
म्युलूझमध्ये श्लुम्फ बंधूंनी १९५७ साली एक जुनी सूतगिरणी घेतली होती. सारा संग्रह तिथे येऊ लागला. सुतार, चर्मकार, यंत्रज्ञ असे कारागीर नेमले गेले आणि आत काय आहे हे बाहेर बोलायचे नाही, असे त्यांना बजावले गेले. मोटारींच्या रांगांमधून पॅरिसच्या तिसऱ्या अलेक्झांडर पुलावरील दिव्यांच्या धर्तीवर शेकडो दीपस्तंभ उभारले. संग्रह आई जान हिच्या स्मृतीला अर्पण केला. पाहुणे मोजकेच येत. दारे मात्र जनतेसाठी उघडली नाहीत.

१५/
हौशी मंडळींत या खरेदीचे पडसाद उमटले. एकीकडे गंजणाऱ्या शंभराहून अधिक बुगाटींना छप्पर आणि कुशल हात मिळाले, हे नाकारता येत नाही. दुसरीकडे, ज्या मोटारी रस्त्यावर धावत, क्लबाच्या मेळाव्यांना येत, ज्यांचे भाग एकमेकांना उसने दिले जात, त्या एका कुलपाआड गेल्या. परस्परांच्या सोयीसाठी ठेवलेली नोंद एका ग्राहकाची खरेदीची यादी ठरली.

१६/
१९७० च्या दशकात युरोपातील वस्त्रोद्योग कोसळू लागला. कृत्रिम धागा, स्वस्त आयात, तेलाचे भाव, अशी कारणे अनेक होती. केवळ मोटारींमुळे गिरण्या बुडाल्या असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र यंत्रे जुनाट राहिली आणि पैसा मोटारींत गेला, हेही खरे. कंपनीचा पैसा संग्रहाकडे वळवल्याचा ठपका पुढे फ्रेंच न्यायालयांनी ठेवला.

१७/
१९७६ साली गिरण्या बंद पडू लागल्या. नोकऱ्या गेलेल्या कामगारांनी माल्मर्सपाख येथे मालकांच्या निवासस्थानाला वेढा घातला. पोलिसांच्या बंदोबस्तात दोघा भावांना बाहेर काढावे लागले. त्यांनी थेट स्वित्झर्लंडमधील बाझेल गाठले. दोघे स्विस नागरिक. फ्रान्सचा कायदा तिथे त्यांना हात लावू शकत नव्हता.

१८/
मार्च १९७७ मध्ये कामगार म्युलूझच्या त्या इमारतीत शिरले. समोर चारशेहून अधिक मोटारी चकाकत उभ्या होत्या, प्रत्येकीभोवती स्वच्छ खडी, डोक्यावर दिव्यांच्या माळा. आपली मजुरी कुठे गेली, याचे उत्तर त्यांना एका नजरेत मिळाले. संतापाच्या भरात दुरुस्ती न झालेली एक ऑस्टिन जाळली गेली. त्यानंतर मात्र विध्वंस झाला नाही.

१९/
उलट, कामगारांनी त्या जागेला ‘कामगारांचे संग्रहालय’ असे नाव दिले आणि दारे लोकांसाठी उघडली. येणाऱ्यांनी दिलेल्या पैशांतून लढा चालू राहिला. सुमारे दोन वर्षे त्यांनी इमारतीवर ताबा ठेवला. मालकाने ज्या मोटारी जगापासून दडवल्या, त्या जगाला प्रथम दाखवल्या त्या बेकार झालेल्या गिरणी कामगारांनी.

२०/
आता दावेदार अनेक झाले. श्लुम्फ म्हणत, मोटारी आमच्या. देणेकरी आणि कामगार म्हणत, त्या विकून थकबाकी चुकवा. जगभरचे संग्राहक लिलावाची वाट पाहत होते. तो झाला असता तर एकेक मोटार एकेका देशात गेली असती. १९७८ साली फ्रेंच शासनाने मध्ये पडून संग्रहाला ‘ऐतिहासिक वास्तू’ म्हणून संरक्षण दिले. किल्ले आणि चर्चना मिळणारा दर्जा मोटारींना मिळाला. संग्रह फोडून देशाबाहेर नेण्याचा मार्ग बंद झाला.

२१/
या निर्णयाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जी वस्तू सुटी विकता येत नाही, देशाबाहेर नेता येत नाही, तिला खुल्या बाजाराचा भाव येत नाही. १९८१ साली म्युलूझ नगरपालिका, जिल्हा, प्रांत आणि मोटार क्षेत्रातील काही संस्था यांनी मिळून संग्रह ४ कोटी ४० लाख फ्रँकना घेतला. जुलै १९८२ मध्ये राष्ट्रीय मोटार संग्रहालय सुरू झाले. वारसा वाचला, पण त्या वारशाच्या किमतीतून ज्यांची देणी भागायची होती, त्यांच्या वाट्याला खुल्या लिलावाचा भाव आला नाही.

२२/
तो भाव किती असू शकला असता, हे सहा वर्षांत दिसले. कनिंगहॅमने १९५० साली रेफ्रिजरेटर देऊन घेतलेल्या दोनांपैकी एक रोयाल नोव्हेंबर १९८७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लिलावाला आली. बोली थांबली ५५ लाख पौंडांवर. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे साडेपाच कोटी फ्रँक होते. म्हणजे एकट्या मोटारीला म्युलूझच्या संपूर्ण संग्रहाहून अधिक किंमत आली; आणि त्या संग्रहात तर दोन रोयाल होत्या.

२३/
मोटार तीच, चॅसी क्रमांक तोच. १९५० साली ती एका सधन अमेरिकनाची हौस होती, १९८७ साली गुंतवणूक झाली. मधल्या काळात कोणी ती भिंतीआड लपवली, कोणी तिच्या भगिनीला भंगारातून उचलले, कोणी क्रमांक लिहून ठेवले, कोणी गंज काढला. लिलावाच्या आकड्यात ही सारी मेहनत मुरलेली असते, पण हातोडा पडल्यावर पावतीवर नाव मात्र एकाचेच येते.

२४/
हान्स १९८९ साली आणि फ्रिट्झ १९९२ साली वारला. मोबदल्यासाठीचे त्यांचे न्यायालयीन झगडे वर्षानुवर्षे चालले. संग्रहालयाच्या नावात आजही ‘श्लुम्फ संग्रह’ हे शब्द आहेत. दोन्ही रोयाल तिथे उभ्या आहेत, दिव्यांचे खांबही तसेच आहेत. ज्या कामगारांनी दोन वर्षे त्या मोटारी राखल्या, त्यांचे नाव मात्र दारावर नाही.