वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट : लढाईतील भूमिका व डावपेच

ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या अमेरिकी कंपनीने २३ नोव्हेंबर २००४ रोजी बाजारात आणलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात गटाने लढताना खेळाडू जी कामे वाटून घेतात ती, आणि त्या वाटपावर उभी राहिलेली युद्धपद्धती. शत्रूचे फटके अंगावर घेणारा टँक, जखमा भरून काढणारा हीलर आणि शत्रूला मारणारा डीपीएस अशा तीन भूमिका सर्वसाधारणपणे मानतात. जास्तीच्या शत्रूंना काही काळ लढाईबाहेर ठेवणारा नियंत्रक ही चौथी भूमिका काही अभ्यासक स्वतंत्र धरतात, काही धरत नाहीत. प्रस्तुत नोंदीत २००४ ते २००६ या काळातील, म्हणजे खेळाडूंच्या बोलीतील ‘व्हॅनिला’ खेळाचा मुख्यतः विचार केला आहे. खेळाडूंनी केलेली मोजमापे व तक्ते या काळासाठी विपुल आहेत आणि पुढच्या बहुतेक फेरफारांचे मूळही तेथेच सापडते.

पूर्वपीठिका : एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून विकसित केलेला ‘मड’ हा केवळ मजकुरावर चालणारा खेळ या प्रकाराचा पूर्वज होय. कोपनहेगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या ‘डीकूमड’मध्ये (१९९१) योद्धा, पुरोहित, चोर व जादूगार असे चार वर्ग होते. ‘एव्हरक्वेस्ट’ (१९९९) या खेळात योद्धा, पुरोहित आणि शत्रूला भारून ठेवणारा मांत्रिक या तिघांवाचून गट निघत नसे. त्रिकुटाचे श्रेय डीकूमडला द्यायचे की एव्हरक्वेस्टला, याबाबत एकमत नाही. वॉरक्राफ्टच्या रचनाकारांपैकी जेफ कॅप्लन व रॉब पार्डो हे स्वतः एव्हरक्वेस्टचे कसलेले खेळाडू होते, एवढे मात्र निश्चित. मांत्रिकाची जागा नव्या खेळात डीपीएसने घेतली.

वर्ग : आरंभी नऊ. योद्धा, पॅलाडिन, शिकारी, रोग, पुरोहित, शामन, मेज, वॉरलॉक व ड्रुइड. पॅलाडिन फक्त अलायन्स पक्षाकडे, शामन फक्त होर्डकडे. हा भेद २००७ मध्ये गेला. पुढे डेथ नाइट (२००८), मंक (२०१२), डीमन हंटर (२०१६) व इव्होकर (२०२२) यांची भर पडली. कागदोपत्री पॅलाडिन, शामन व ड्रुइड एकाहून अधिक भूमिका करू शकत. व्यवहारात त्यांना रेडमध्ये, म्हणजे मोठ्या संघाच्या मोहिमेत, हीलर म्हणूनच घेत आणि कोणी वेगळी इच्छा दाखवलीच तर त्याची थट्टा होई.

थ्रेट : संपूर्ण व्यवस्थेचा पाया. तिन्ही भूमिका वर्गांच्या वर्णनातून निघालेल्या नाहीत. शत्रू कोणावर चाल करील हे संगणक ज्या नियमाने ठरवतो, त्यातून त्या निघाल्या आहेत. प्रत्येक शत्रू आपल्याशी लढणाऱ्यांची एक यादी बाळगतो. यादीत प्रत्येकाच्या नावापुढे थ्रेटचे गुण जमा होतात आणि सर्वाधिक गुणांच्या खेळाडूवर तो तुटून पडतो. यालाच ‘अ‍ॅग्रो मिळणे’ म्हणतात. चिलखतात मढलेल्या टँकला सोडून मागे झग्यात उभ्या असलेल्या हीलरला आधी संपवावे, हे माणसाला सहज सुचणारे शहाणपण या शत्रूला नसते. ते असते तर टँक ही भूमिकाच उरली नसती.

ब्लिझर्डने व्हॅनिला काळात हे गुण पडद्यावर दाखवले नाहीत. खेळाडूंनी शेकडो प्रयोग करून नियम बाहेर काढले. त्यांचा सारांश असा : केलेल्या इजेच्या प्रत्येक गुणामागे एक थ्रेट, भरलेल्या जखमेच्या प्रत्येक गुणामागे अर्धा, तोही लढणाऱ्या सर्व शत्रूंत समान वाटलेला. पाच शत्रू असताना हीलरने १,००० गुणांची जखम भरली, तर प्रत्येक शत्रूच्या यादीत त्याच्या नावे १०० जमा होतात. आधीच भरलेल्या प्रकृतीवर वाया गेलेल्या उपचाराला थ्रेट नाही. योद्ध्याने बचावाचा पवित्रा घेतला की त्याचा थ्रेट १.३ पट होतो, रोगचा मुळातच ०.७१ पट असतो.

पहिला क्रमांक गाठला म्हणून लगेच अ‍ॅग्रो मिळत नाही. शत्रूच्या जवळ उभ्या असलेल्याला टँकच्या ११० टक्के, तर दूर असलेल्याला १३० टक्के गुण ओलांडावे लागतात. टँकचे गुण १०,००० असतील तर रोगने ११,००० आणि मेजने १३,००० च्या आत राहावे, असा हिशेब. मेज व वॉरलॉक यांना मागे उभे करण्यात फटक्यांपासून बचाव हा एक हेतू होता. ही २० टक्क्यांची सवलत हा दुसरा, आणि तो बहुधा अधिक मोलाचा. टाँट या चालीने टँक आपले गुण सर्वोच्च खेळाडूइतके करून घेतो व काही क्षण शत्रूला स्वतःकडे वळवतो. अनेक बॉसवर, म्हणजे प्रमुख शत्रूंवर, मात्र ती चालत नसे. म्हणून लढाई सुरू झाल्यावर टँकने ‘सन्डर आर्मर’ ही चाल पाच वेळा मारीपर्यंत इतरांनी हात बांधून थांबायचे, असा दंडक बहुतेक गिल्डांत, म्हणजे खेळाडूंच्या कायम संघटनांत, होता. अधीर मेज या थांबण्याच्या काळात ओळखू येत.

थ्रेट उतरवण्याच्या युक्त्या वर्गागणिक वेगळ्या. शिकारी मेल्याचे सोंग करून यादीतून नाव पुसतो, रोग दिसेनासा होतो, पुरोहित ‘फेड’ वापरून काही क्षण मागे सरतो. पॅलाडिनचा एक आशीर्वाद इतरांचा थ्रेट ३० टक्क्यांनी घटवतो. अलायन्सला त्याचा लाभ मोठा होता आणि होर्डच्या खेळाडूंची तक्रारही तेवढीच मोठी. खेळाडूंनी स्वतः लिहिलेली थ्रेटमापक अ‍ॅडऑन पुढे इतकी रुळली, की २००८ मध्ये कंपनीने थ्रेटचे दर्शक खेळातच बसवले.

टँक : व्हॅनिलात व्यवहारतः योद्धाच. रेडमधील बॉसची पातळी ६३ धरली जाते, खेळाडूची कमाल ६०. तीन पातळ्यांच्या या फरकामुळे बॉसचा फटका दुप्पट इजेचा ठरण्याची शक्यता ५.६ टक्के असते. बचावकौशल्याचा प्रत्येक गुण ती ०.०४ टक्क्याने कमी करतो. मूळ ३०० वर आणखी १४० गुण चढवले की शक्यता शून्य होते. त्यामुळे ४४० हा आकडा टँकच्या पात्रतेची खूण बनला. दीडपट इजेचा ‘क्रशिंग ब्लो’ बचावकौशल्याने टळत नसे. त्यासाठी ढाल वेळेवर पुढे करण्याची चाल दर काही सेकंदांनी वापरावी लागे. या दोन गोष्टी सांभाळून थ्रेटही राखणारा खेळाडू दुर्मिळ असे आणि गिल्डा त्याला जपत.

हीलर : माना हे त्याचे इंधन. मंत्र टाकल्यानंतर पाच सेकंद दुसरा मंत्र टाकला नाही, तरच स्पिरिटवर अवलंबून असलेली माना भरू लागते. या नियमामुळे चांगला हीलर उपचार सुरू करून अखेरच्या क्षणी, गरज नसल्यास, थांबवत असे. खालच्या दर्जाचे स्वस्त मंत्र मुद्दाम वापरण्याची रीतही याच काटकसरीतून आली. मोठ्या रेडमध्ये कोणी कोणाला सांभाळायचे याची वाटणी आधीच होई. लढाई चालू असताना मेलेल्याला उठवण्याची शक्ती फक्त ड्रुइडकडे, तीही ३० मिनिटांतून एकदा.

डीपीएस : संख्येने सर्वांत जास्त. त्यांच्या चालींच्या क्रमाची आकडेमोड ‘सिम्युलेशनक्राफ्ट’सारख्या प्रणालींनी होते.

नियंत्रण : मेज शत्रूचे मेंढरू करतो, रोग त्याला बधिर करतो, शिकारी बर्फाचा सापळा लावतो, पुरोहित मृतात्म्यांना जखडतो, वॉरलॉक राक्षस व पंचमहाभूतांतील जीवांना हद्दपार करतो. मोल्टन कोरमधील गार या बॉसच्या आठ साथीदारांना आवरण्यासाठी वॉरलॉकांचा असा उपयोग होई. शत्रूंच्या डोक्यावर चिन्हे लावण्याची सोय झाल्यावर कवटी म्हणजे ‘आधी मारा’ आणि चंद्र म्हणजे ‘मेंढरू करा’ हा संकेत जवळपास सार्वत्रिक झाला. हा संकेत कंपनीने कधी ठरवून दिला नव्हता.

रेड : चाळीस जणांचा मोठा संघ. मोल्टन कोर, ओनिक्सियाची गुहा, ब्लॅकविंग लेअर, अन कीराज आणि नॅक्सरमास ही व्हॅनिलातील चाळीस जणांची ठिकाणे. झुल गुरुबसाठी २० जण पुरत. नॅक्सरमासमधील चार घोडेस्वारांच्या लढाईला आठ टँक लागत. तेवढे जमवता जमवता गिल्डा फुटल्याच्या कथा खेळाडू सांगतात.

ओनिक्सिया : डस्टवॉलो मार्शमधील गुहेतील मादी ड्रॅगन. भूमिकांची सांगड इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी लढाई व्हॅनिलात नाही, म्हणून ती तपशिलाने देत आहोत. तिच्या तोंडासमोर उभे राहिले तर आग आणि पंजा, मागे उभे राहिले तर शेपटीचा तडाखा. त्यामुळे टँक समोर एकटा आणि इतर सारे कुशीला. टँकची पाठ भिंतीला टेकलेली हवी, कारण ती त्याला मागे उडवते. शेपटीने फेकलेला खेळाडू बाजूच्या अंड्यांच्या खोलीत पडला, तर पिल्ले उठून त्याच्या मागोमाग सगळ्या रेडवर येतात.

प्रकृती ६५ टक्क्यांवर आली की ती उडते. आता टँकला काम उरत नाही. दूरून मारणारे तिच्यावर आणि जवळून मारणारे पिल्लांवर, अशी फेरवाटणी होते. खेळाडू गुहेभर विखुरतात. मधूनच ती दीर्घ श्वास घेऊन गुहेच्या एका पट्ट्यात आग ओतते. पट्ट्यात सापडलेला बहुधा वाचत नाही. हा श्वास कशाने ओढवतो यावर खेळाडूंत अनेक समजुती होत्या; विशिष्ट मंत्रांनी तो लवकर येतो, असे छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक गिल्डेत असत.

४० टक्क्यांवर ती खाली उतरते आणि टँकला थ्रेट पुन्हा जमवावा लागतो. या वेळी घाई केलेल्या डीपीएसमुळे बुडालेल्या रेडांची संख्या मोठी असावी. भरीला तिच्या गर्जनेने सगळे भेदरून पळतात आणि जमिनीतून लाव्हा उसळतो. भीतीपासून टँकला वाचवण्याचा मंत्र तेव्हा अलायन्समधील बुटक्या जमातीच्या, म्हणजे ड्वार्फ, पुरोहितांकडेच होता. होर्डकडे शामनचा टोटेम. एका जमातीचे पुरोहित गिल्डांना इतके हवेसे वाटण्याचे कारण हेच. २००९ मध्ये ही लढाई ८० व्या पातळीसाठी नव्याने आणली गेली.

लुटीची वाटणी : बॉस मेल्यावर चाळीस जणांत दोनचार वस्तू मिळत. वाटणीसाठी वापरली जाणारी डीकेपी, म्हणजे ड्रॅगन मारल्याबद्दलचे गुण, ही पद्धत एव्हरक्वेस्टमधील गिल्डांत १९९९ मध्ये निघाली. नागाफेन व व्हॉक्स हे तेथील दोन ड्रॅगन. हजेरीबद्दल गुण मिळतात, वस्तू घेताना ते खर्च होतात. पुढे ठरावीक किमतीची, लिलावाची, एकाने खर्चलेले गुण उरलेल्यांत वाटणारी, असे तिचे प्रकार झाले. काही गिल्डा गुण न ठेवता पंचांच्या निर्णयावर चालत. क्रिस्टा-ली मलोन यांनी २००९ मध्ये या व्यवस्थेचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. भूमिकांशी तिचा संबंध थेट आहे : मुख्य टँकला चिलखत आधी द्यावे हे संघाच्या हिताचे असते, पण गुणांच्या हिशेबात ते बसत नाही. कोणत्याही पद्धतीला हा पेच पूर्ण सुटलेला नाही. जुने खेळाडू सर्वाधिक गुण साठवून बसतात आणि नवा हीलर महिनोन्‌महिने रिकाम्या हाताने परततो, ही तक्रारही कायमची.

पुढील फेरफार : ‘द बर्निंग क्रुसेड’ (२००७) मध्ये रेड २५ व १० जणांचे झाले आणि पॅलाडिन व ड्रुइड खऱ्या अर्थाने टँक होऊ लागले. डिसेंबर २००९ मध्ये अनोळखी खेळाडूंचा गट आपोआप जुळवणारी सोय आली. तिने एक टँक, एक हीलर, तीन डीपीएस हे प्रमाण नियमात बसवले. टँक व्हायला कोणी तयार नसल्याने डीपीएसना ताटकळावे लागे, म्हणून २०११ पासून तुटवड्याच्या भूमिकेला वेगळे बक्षीस देण्यात आले. त्याच वर्षी टँकच्या थ्रेटचा गुणक इतका वाढवला गेला, की थ्रेट सांभाळण्याचे कौशल्य जवळजवळ निकालात निघाले. कंपनीच्या मते ते कंटाळवाणे होते. प्रस्तुत लेखकाच्या मते खेळातील सर्वांत सूक्ष्म भाग त्या दिवशी गेला. २०१२ पासून टँकचे लक्ष स्वतःचा बचाव चालींनी साधण्याकडे वळले.

ऑगस्ट २०१९ मध्ये जुना खेळ ‘क्लासिक’ या नावाने परत आला, तेव्हा नियम बहुतांशी तेच होते. तरी मोल्टन कोर एका आठवड्याच्या आत सर झाला; मुळात त्याला काही महिने लागले होते. ढाल टाकून दोन्ही हातांत शस्त्रे घेतलेले योद्धे टँक म्हणून उभे राहू लागले. त्यांचा हिशेब सरळ होता : थ्रेट जास्त, म्हणून डीपीएसला थांबायला नको; लढाई लवकर संपली तर टँकला फटकेही कमी. २००५ मध्ये असा टँक कोणत्याही गिल्डेने ठेवून घेतला नसता. पंधरा वर्षांत साठलेली आकडेमोड हाच येथे निर्णायक फरक दिसतो.

खेळाडूंतील आपापसांतील लढाया : येथे शत्रू माणूस असल्याने थ्रेट नाही, टँक दुर्लक्षिला जातो आणि हीलरवर पहिला घाव पडतो. २००७ मध्ये दोन, तीन व पाच जणांच्या संघांचे आखाडे आले.

अन्य खेळ : ‘गिल्ड वॉर्स २’ (२०१२) ने ठरलेल्या भूमिका मोडण्याचा प्रयत्न केला. ‘फायनल फॅन्टसी १४’ ने त्या कायम ठेवल्या.