चौथ्या धावपटूचा क्रमांक

1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती भरल्या, तेव्हा अध्यक्ष होते दोराबजी टाटा. पळणारी बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. पायात बूट नाहीत, अंगाला खुराक नाही, शर्यतीचे विलायती नियम कधी कानावर पडलेले नाहीत. मैदानही लहान आणि ओबडधोबड, त्यामुळे शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून पळवायचा बेत होता. लांब पल्ल्याच्या शर्यतीची वेळ पाहून मात्र टाटा थक्क झाले. ती युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणारी होती. स्वतःच्या खर्चाने तिघांना 1920च्या अँटवर्प ऑलिंपिकला पाठवायची तयारी त्यांनी दाखवली. तिथे बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले. त्या वर्षीचं अंतर होतं 42.75 किलोमीटर. चौगुल्यांनी ते 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत कापलं आणि 19वा क्रमांक मिळवला.

चौगुल्यांचं नाव निदान उरलं. त्याआधीची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही. केंब्रिजहून परतलेल्या टाटांनी मुंबईतल्या शाळांची क्रीडासंघटना उभारायला हातभार लावला होता. आधी क्रिकेटसाठी, मग धावण्याउडण्याच्या शर्यतींसाठी. 1929च्या एका पत्रात त्यांनी स्वतःच हे लिहिलं आहे. म्हणजे त्यांच्या कामाची सुरुवात शाळेतून झाली होती.

क्रॉसकंट्री हा प्रकारही शाळेतलाच. इंग्लंडातल्या श्रूजबरी शाळेची मुलं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेतं, कुंपणं, ओढे ओलांडत पळत. रग्बी शाळेची क्रिक रन 1830च्या दशकापासूनची. ऑलिंपिकमधून ही शर्यत 1924नंतर गेली. पॅरिसच्या भयंकर उन्हात 38 जण सुटले आणि 15 पोचले, हे त्याचं कारण. शाळांनी मात्र ती सोडली नाही.

आपल्याकडे मुलं पळत राहिली, पण शर्यत त्यांच्यापर्यंत उशिरा पोचली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटर दूरच्या शाळेत कधी चालत, कधी पळत जायचा, कारण वाहनच नव्हतं. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनला राहिला आणि 2015मध्ये सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत उतरला. तीनच वर्षांत, 2018मध्ये, त्याने गोपाल सैनी यांचा 1981पासूनचा स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्य मिळालं, वेळ 8 मिनिटं 11.20 सेकंद. हाच मुलगा आठवीत एखाद्या संघात असता तर काय झालं असतं, हा प्रश्न हुरहूर लावतो. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतला नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग भेटले. 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य तिने आणलं, ते त्यानंतर.

आता अशी शर्यत जिथे सहज भरू शकेल ते रेवस पाहा. अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाचं हे बंदर, धरमतर खाडीच्या तोंडाशी. समोर करंजा, पलीकडे मुंबईचा भाऊचा धक्का. मुलांना पळायला याहून समृद्ध जागा शोधून सापडणार नाही. खाडीलगतचे खारबंदिस्तीचे बांध मऊ आणि सपाट, भरतीनंतर निसरडे. मध्येच उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडपेची मोरी, येते, तिथे पाय जपून टाकावा लागतो. आत गेलं की भातशेतं, आणि मापगावजवळ कनकेश्वराचा डोंगर, त्याला आंग्र्यांच्या काळातल्या सुमारे 700 पायऱ्या. चिखल, चढ, वारा, सगळं काही मैलांच्या आत. पण किनाऱ्यावर काय आणि घाटावर काय, पहाटे रस्त्यावर दिसणारी बहुतेक पोरं पोलीस भरतीसाठी पळत असतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. भरती झाली किंवा हुकली की पळणंही थांबतं.

शाळेचा संघ असता तर गणित निराळं झालं असतं. जागतिक क्रॉसकंट्रीत एका संघाचे सहा जण पळतात आणि पहिल्या चौघांचे क्रमांक मिळवले जातात. ज्याची बेरीज लहान, तो संघ जिंकतो. चौगुले, राऊत, साबळे ही आपल्याकडची नावं एकेकट्यांची आहेत. या बेरजेत मात्र चौथी आलेली मुलगी पहिलीइतकीच मोजली जाते. तिने शेवटच्या चढावर दुसऱ्या संघाच्या दोघींना मागे टाकलं, तर संघाची बेरीज थेट दोनने उतरते. रेवस, अलिबागकडचं मांडवा, सासवणे, चोंढी या पट्ट्यातल्या आठवी-नववीच्या मुलींनी अशी एक शर्यत पळायला कोणतंही क्रीडासंकुल लागणार नाही. ओहोटीची वेळ बघून आखलेला मार्ग, बांधावर उभे राहणारे दोन-चार शिक्षक आणि क्रमांक टिपायला एक वही एवढं पुरेल.