खांदेरीचे दीपगृह

रायगड जिल्ह्यातील (महाराष्ट्र) खांदेरी या जलदुर्गावरील दीपगृह. यास कान्होजी आंग्रे दीपगृह असेही म्हणतात. अलिबाग तालुक्यातील थळच्या किनाऱ्यापासून सुमारे ५ किमी. अंतरावर, मुंबई बंदरात दक्षिणेकडून शिरणाऱ्या जहाजांच्या वाटेवर हे बेट आहे.

बेटावर दोन टेकड्या असून दक्षिणेकडील टेकडीवर १८६७ मध्ये हे दीपगृह उभे राहिले. त्याचा दगडी मनोरा अष्टकोनी, सुमारे २५ मी. उंच असून पायथ्याशी सपाट छपराची एकमजली इमारत आहे. टेकडीच्या उंचीमुळे दिवा समुद्रात दूरवरून दिसतो. पुढे १८७५ मध्ये मुंबईतील कुलाब्याच्या दक्षिणेस खडकाळ पट्टीवर प्रॉन्ग्ज दीपगृह झाले आणि बंदराच्या तोंडाशी दुसरी खूण मिळाली.

बंदराची वाट नजरेत राहते, म्हणूनच छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये येथे किल्ला बांधण्यास घेतला. मायनाक भंडारी यांनी इंग्रजांच्या नाकेबंदीतही बांधकाम चालू ठेवले. दौलतखान आरमारासह त्यांच्या मदतीस आला. इंग्रजांना अखेर माघार घ्यावी लागली. जंजिऱ्याच्या सिद्दीने मात्र शेजारचे उंदेरी बेट बळकावून तटबंदी उभारली. कान्होजी आंग्रे यांच्या काळात, १७१८ मध्ये, मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर केलेली स्वारीही फसली. मराठेशाहीच्या अस्तानंतर बेट इंग्रजांकडे गेले. ज्या उंचवट्यावरून त्यांच्या जहाजांवर पाळत राहत असे, तेथूनच त्यांना वाट दाखवणारा दिवा लागू लागला.

प्राचीन जगातील सात आश्चर्यांपैकी एक असलेल्या अलेक्झांड्रियाच्या दीपगृहाबाबत क्रम उलटा दिसतो. फेरॉस बेटावर इ. स. पू. सु. २८० मध्ये पूर्ण झालेला, १०० मी. हून उंच मानला जाणारा तो मनोरा चौदाव्या शतकातील भूकंपांत ढासळला आणि १४७७ च्या सुमारास सुलतान कैतबे याने त्याच जागी किल्ला बांधला. तेथे दीपगृहाच्या जागी किल्ला आला, येथे किल्ल्यात दीपगृह. बंदराच्या तोंडावरील बेट पहाऱ्याला आणि दिव्याला सारखेच सोयीचे असते.

तटबुरूज, तोफा, कोळी समाजाचे श्रद्धास्थान असलेले वेतोबाचे मंदिर आणि आघात केल्यास धातूसारखा नाद करणारा खडक ही बेटावरील इतर प्रेक्षणीय स्थळे होत. २०१९ मध्ये नौदलात दाखल झालेल्या पाणबुडीस ‘खांदेरी’ हे नाव दिले आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घोषित केलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांत खांदेरीचा समावेश आहे.