श्वेतकोट रक्तदाब

श्वेतकोट रक्तदाब : दवाखान्यात चढलेला, पण घरी प्राकृत राहणारा रक्तदाब. डॉक्टरांसमोर बीपी 140/90 मिमी. पारा किंवा त्याहून जास्त भरते. घरच्या मोजणीची सरासरी मात्र 135/85 च्या आत आणि चोवीस तास दंडाला बांधलेल्या यंत्राची सरासरी 130/80 च्या आत असते. निदान रूढार्थाने औषध सुरू नसलेल्यांनाच लागू होते. गोळ्या घेणाऱ्यांमधल्या अशा फरकाला श्वेतकोट परिणाम म्हणतात.

दंडाला पट्टा बांधून पाऱ्यावर दाब मोजण्याचे यंत्र इटलीतील तुरिनच्या शिपिओने रिवा-रोची यांनी 1896 मध्ये मांडले. मोजण्याच्या धास्तीने आकडा नेमका किती चढतो, हे मात्र मिलानच्या ज्युसेप्पे मान्चिया यांनी 1983 मध्ये दाखवले. त्यांनी 48 जणांच्या धमनीत नळी घालून दाबाची अखंड नोंद चालू ठेवली आणि डॉक्टरांना खाटेपाशी पाठवले. पहिल्या चार मिनिटांतच वरचा दाब सरासरी 27, तर खालचा 15 मिमी.ने उसळला, नाडीही धावू लागली. भेट संपता संपता ही लाट बरीच ओसरली. पुढच्या प्रयोगात डॉक्टरांऐवजी परिचारिका गेली, तेव्हा वाढ साधारण निम्मीच निघाली.

‘मी घाबरलो नव्हतो’ असे सांगणारा रुग्ण खोटे बोलत नसतो. धास्तीत नाडी आणि दाब चढवणारी अनुकंपी चेतासंस्था त्याला विचारून कामाला लागत नाही.

न्यूयॉर्कचे टॉमस पिकरिंग यांनी 1988 मध्ये किंचित वाढलेला रक्तदाब असलेले, औषध न घेणारे 292 जण तपासले. त्यांतील 21 टक्क्यांचा दाब दवाखान्याबाहेर प्राकृत होता.

पण बाहेर दाब प्राकृत राहतो म्हणून श्वेतकोट रक्तदाब निरुपद्रवी ठरत नाही, आणि धमन्या याची साक्ष देतात. सोनोग्राफीत मानेतील कॅरॉटिड धमनीच्या भिंतीची जाडी अशा व्यक्तींमध्ये सरासरीने प्राकृत माणसापेक्षा जास्त, पण कायम उच्च रक्तदाबाच्या रुग्णापेक्षा कमी आढळते. धमनी ताठर झाली की नाडीची लाट तिच्यातून वेगाने धावते. मानेपासून जांघेपर्यंत हा वेग सेकंदाला 10 मीटरहून अधिक असणे हे ताठरपणाचे लक्षण धरतात. अनेक अभ्यासांच्या 2019 मधील एकत्रित विश्लेषणात, औषध न घेणाऱ्या श्वेतकोट गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण प्राकृत दाबाच्या लोकांपेक्षा 36 टक्क्यांनी जास्त दिसले. गोळ्या घेणाऱ्यांच्या श्वेतकोट परिणामात अशी वाढ आढळली नाही. श्वेतकोट रक्तदाबाच्या गटातल्या अनेकांची साखर आणि वजनही वाढलेले असते, काहींचा दाब पुढे कायमचाच चढतो. ‘टेन्शनने वाढलं, सोडून द्या’ हा सल्ला त्यामुळे अपुरा आहे. गोळी लगेच लागेलच असे नाही, पण पाळत हवी.

याच्या उलट, दवाखान्यात प्राकृत आणि घरी चढा असलेला ‘छुपा’ रक्तदाब अधिक घातक असतो. घरच्या मोजणीत दोन्ही उघडे पडतात. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू टाळून, पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसावे. उघड्या दंडाला बांधलेला पट्टा हृदयाच्या पातळीत ठेवावा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजून, पहिल्या दिवसाचे आकडे वगळून सरासरी काढतात.