खर्ज आणि टीप यांची वांटणी

पुष्कळ घरांत लाउडस्पीकरची एखादी जुनी लांकडी पेटी असते. पाहुणा तिच्या लांकडाची, फार तर पुढच्या कापडाची तारीफ करतो. पाठीमागची फळी काढून आंत डोकावणारा विरळाच. त्या अंधारांत तांब्याच्या तारेचीं दोन-तीन वेटोळीं आणि मेणबत्तीच्या तुकड्यांसारखे कांहीं कंडेन्सर एका लहानशा पट्टीवर बसविलेले असतात. या मांडणीला क्रॉसओव्हर म्हणतात. पेटीचा स्वभाव बराचसा तेथेंच ठरतो. आणि म्हाताऱ्या पेटीचा सूर बिघडला म्हणजे पहिला संशय या पट्टीचाच घ्यावा, असें माझें मत आहे.

एकाच पडद्यानें खर्ज आणि टीप दोन्ही नीट काढावीं, ही अपेक्षाच कठीण. खर्जासाठीं पुष्कळ हवा ढकलावी लागते, म्हणून पडदा मोठा हवा. टिपेसाठीं तो सेकंदाला दहा हजार वेळां हलावयाचा, म्हणून लहान व हलका हवा. १९२५ सालीं राइस आणि केलॉग या अमेरिकन संशोधकांनीं हलत्या वेटोळ्याच्या लाउडस्पीकरची रचना प्रसिद्ध केली; आजच्या बहुतेक लाउडस्पीकरांचा तो मूळपुरुष. परंतु दोन पडदे लावावयाचे ठरविलें, तरी ज्याचा वांटा त्याला पोंचवावयाचा कसा? याचें उत्तर संगीताच्या नव्हे, टेलिफोनच्या क्षेत्रांत आधींच तयार होतें. एकाच तारेवरून अनेक संभाषणें पाठविलीं, तर पलीकडे तीं निवडून काढावीं लागतात. त्याकरितां जॉर्ज कॅम्बेल यांनीं विजेची गाळणी रचली. १९१७ सालीं तिचें पेटंट त्यांना मिळालें. ऑटो झोबेल यांनीं १९२३ सालीं तिचें गणित पुष्कळ पुढें नेलें.

या गाळणीचा मोठा पराक्रम लोकांपुढें आला, तो २७ एप्रिल १९३३ रोजीं. फिलाडेल्फियाचा वाद्यवृंद आपल्या गांवींच वाजवीत होता आणि श्रोते बसले होते सुमारें सव्वाशें मैलांवर, वॉशिंग्टनच्या सभागृहांत. समोरचा रंगमंच वादकांवांचून मोकळा. वृंदाचे नायक स्टोकोव्स्की हे वादकांजवळ नसून वॉशिंग्टनला नियंत्रणाच्या खुंट्यांपाशीं होते! तीन स्वतंत्र मार्गांनीं ध्वनि येत होता, आणि प्रत्येक मार्गाच्या शेवटीं तो सेकंदाला ३०० कंपनांच्या सीमेवर दुभंगून खालचा भाग मोठ्या कर्ण्याकडे व वरचा लहान कर्ण्यांकडे जात होता.

मात्र वांटणी झाली म्हणजे भांडण मिटलें, असें नव्हे. एलिनॉर पॉवेल या नर्तिकेच्या पदन्यासाची हकीकत ध्वनितंत्रज्ञांत अजून सांगतात. मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या स्टुडिओंत तिच्या बुटाचा एक ठोका ऐकतांना दोन ऐकूं येत. कारण असें कीं, खर्जाचा कर्णा टिपेच्या कर्ण्याहून सुमारें आठ फूट अधिक लांब होता. तेवढ्या वाटेला ध्वनीला सेकंदाचा सात-हजारांश जास्त लागतो. डग्लस शीअरर आणि जॉन हिलियर्ड यांनीं या वाटा जवळपास सारख्या करून नवा कर्णा घडविला. १९३६ च्या कामगिरीबद्दल चित्रपट-अकादमीनें त्याचा गौरव केला. पुढें ही विद्या घरांत शिरली. १९४७ मध्यें इंग्लंडांत टॅनॉयनें दोन्ही कर्णे एकाच मध्यबिंदूवर बसविले.

आंतला हिशेब दिसतो तितका गहन नाहीं. कंपनसंख्या वाढली कीं वेटोळें विजेला अधिकाधिक अडवितें. कंडेन्सर याच्या नेमका उलट. ८ ओहमच्या लहान कर्ण्यापुढें १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ठेवला, तर सीमा सुमारें २००० कंपनांवर पडते. वेटोळें शंभर वर्षेंही टिकेल. इलेक्ट्रोलिटिक जातीच्या कंडेन्सरांत मात्र ओलसर द्राव असतो. तो वाळतो, मूल्य ढळतें, आंतला अवरोध वाढतो. १० चे ७ उरले, तर तीच सीमा २८०० च्या घरांत जाते, आणि मधल्या पट्ट्यांतले स्वर, म्हणजे सारंगीची धार, क्षीण होतात. ही झीज वर्षानुवर्षें होत असल्यामुळें कानालाही तिची संवय होऊन जाते!

आमच्या घरची पेटी दुरुस्त करतांना एका कारागिराच्या सल्ल्यानें मीं महागडे, फिल्मचे कंडेन्सर घातले. मूल्यें तींच. तरीही पेटी आमची राहिली नाहीं. गायिकेचा प्रत्येक ‘स’ सुईसारखा टोंचूं लागला. वडिलांनीं दोन मिनिटें ऐकलें आणि ते उठून गेले. चूक माझी होती: जुन्या कंडेन्सरचा आंतला अवरोधही मूळ रचनाकारानें हिशेबांत धरलेला असूं शकतो, आणि फिल्मच्या कंडेन्सरांत तो जवळजवळ नसतो. कंडेन्सरशीं एक ओहमचा रेझिस्टन्स ओळीनें जोडल्यावर सूर पुष्कळसा ठिकाणावर आला. तेव्हांपासून आधीं मोजतों, मग डाख काढतों. दोन्ही पेट्यांचें काम एकदमच करतों. आणि सीमा ‘सुधारण्याच्या’ भानगडींत पडत नाहीं. वेटोळ्यांना तर हातही लावीत नाहीं.

काढलेले जुने कंडेन्सर मीं फेंकले नाहींत. मोजलेलीं मूल्यें व तारीख कागदावर लिहून, त्यांतच ते गुंडाळून पेटीच्या तळाशीं ठेविले आहेत.