अपराजित, तरीही अनिमंत्रित : १९५१चा ‘डॉन्स’ संघ

१/ १९५१ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने नऊपैकी नऊ सामने जिंकले. तरीही हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यांत त्याला स्थान मिळाले नाही. कारण संघात दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते, आणि त्यांना मागे ठेवून जायला बाकीचे तयार नव्हते. ‘डॉन्स’ नावाच्या त्या संघाचा हा इतिहास.

२/ प्रथम खेळाविषयी. हा अमेरिकन फुटबॉल. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांची फळी भेदायची आणि यार्डायार्डाने पुढे सरकायचे. विद्यापीठांचा हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास संपतो. त्यानंतर निवडक संघांना ‘बाउल’ नावाच्या खास सामन्यांचे निमंत्रण येते. त्यातून कीर्ती मिळते आणि पैसाही.

३/ यांपैकी ऑरेंज बाउल मायामीत, शुगर बाउल न्यू ऑर्लिन्समध्ये आणि गेटर बाउल जॅक्सनव्हिलमध्ये होई. ही तिन्ही शहरे दक्षिणेकडील. तेथे शाळा, बस, उपाहारगृहे, सर्वत्र वंशविभाजन कायद्याने लागू होते. मैदानही त्याला अपवाद नव्हते.

४/ डॉन्स हा जेझुइट पंथीयांच्या एका लहान विद्यापीठाचा संघ. प्रशिक्षक जो कुहॅरिक. जिनो मार्केटी हा इटालियन स्थलांतरितांचा मुलगा दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला. बॉब सेंट क्लेअर सॅन फ्रान्सिस्कोचाच. ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे संघातील दोन कृष्णवर्णीय खेळाडू.

५/ मॅटसनने त्या हंगामात चेंडू घेऊन धावत १,५६६ यार्ड अंतर कापले. देशात त्या वर्षी कोणत्याही विद्यापीठाच्या खेळाडूची ही सर्वोच्च कामगिरी होती. न्यूयॉर्कमध्ये फोर्डमचा ३२-२६ असा, तर स्टॉकटनमध्ये कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा ४७-१४ असा पराभव करून डॉन्स अजिंक्य राहिले.

६/ त्याच हंगामात, २० ऑक्टोबरला, ओक्लाहोमातील सामन्यात ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूचा जबडा प्रतिस्पर्ध्याच्या प्रहाराने मोडला. चेंडू तेव्हा त्याच्याजवळ नव्हताही. त्या घटनेच्या छायाचित्रमालिकेला पुढे पुलित्झर पारितोषिक मिळाले. मैदानावरील वर्णद्वेष किती उघड होता, हे त्यावरून समजते.

७/ डॉन्सच्या बाबतीत हात उचलावा लागला नाही. मॅटसन आणि टोलर यांना घरी ठेवले तर निमंत्रणाचा विचार होईल, असा निरोप पोहोचल्याचे खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितले. संघाचे उत्तर नकारार्थी होते. त्यावर मतदान घेण्याची कोणाला गरजही वाटली नाही, अशी त्यांची आठवण आहे.

८/ चर्चेत मात्र दुसरेच कारण पुढे येई : डॉन्सचे प्रतिस्पर्धी दुबळे होते. यात काही तथ्य होते. सॅन होझे स्टेटशी ते दोनदा खेळले, आणि दोन सामने लष्करी तळांच्या संघांशी झाले. राष्ट्रीय क्रमवारीत त्यांचा क्रमांक १४वा होता. भेदभावाला आडोसा हवा असतो तेव्हा असे अर्धसत्य फार उपयोगी पडते.

९/ नकाराची किंमत मोठी होती. विद्यापीठाचा फुटबॉल तोट्यात चालला होता. त्याच शहरात, त्याच केझार मैदानावर, ‘फोर्टी नायनर्स’ हा व्यावसायिक संघ प्रेक्षक खेचत होता. बाउलच्या उत्पन्नाने कदाचित तग धरता आला असता. हंगाम संपताच विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. त्या दर्जाचा संघ तेथे पुन्हा उभा राहिला नाही.

१०/ खेळाडू मात्र पुढे गेले. मॅटसनने १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावण्यात रौप्य आणि कांस्य पदके मिळवली. मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर या तिघांना व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. संघाचे प्रसिद्धीकाम पाहणारा तरुण पीट रोझेल १९६०मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगचा आयुक्त झाला.

११/ गुडघ्याच्या दुखापतीने टोलरचे खेळणे थांबले. तो शिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक झाला. १९६५मध्ये एनएफएलने त्याला पंचगिरीसाठी नेमले. त्या लीगमधील तो पहिला कृष्णवर्णीय पंच. ज्याच्यासोबत खेळायला दक्षिणेतले संघ तयार नव्हते, त्याच्या शिट्टीवर आता खेळ थांबू लागला.

१२/ बदल सावकाश आला. १९५६च्या शुगर बाउलमध्ये पिट्सबर्गचा बॉबी ग्रिअर हा कृष्णवर्णीय खेळाडू उतरणार म्हणून जॉर्जियाच्या गव्हर्नरने आपल्या राज्यातील संघाला रोखण्याचा प्रयत्न केला. तो फसला. मग त्याच वर्षी लुइझियानाने मिश्रवर्णीय सामन्यांवर कायद्यानेच बंदी घातली. न्यायालयांनी ती रद्द ठरवली.

१३/ इतिहासाच्या अभ्यासकाला ही कथा एक धडा देते. कायद्याने लादलेला भेद राजपत्रात सापडतो. तोंडी निरोपातून लादलेला भेद बहुधा कागदावर उतरतच नाही. तो ज्यांनी सोसला आणि ज्यांनी नाकारला, त्यांच्या आठवणींत राहतो. केवळ निकालांचे तक्ते पाहणाऱ्याला १९५१च्या डॉन्सचे नऊ विजय दिसतील. न झालेल्या दहाव्या सामन्याची नोंद तेथे असणार नाही.