बालमंदिर ते अंगणवाडी : बोर्डी-कोसबाड येथील कृतियुक्त बालशिक्षण आणि समाजबांधणी

प्रस्तावना

तीन ते सहा वर्षांचे मूल ऐकून जेवढे शिकते त्याहून कितीतरी अधिक हाताने शिकते, हे तत्त्व आज सर्वमान्य झाले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र भारतात ते नवे होते. ते येथे रुजवण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते त्यांत गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावे अग्रभागी आहेत. या कार्याचा इतिहास बहुधा व्यक्तींच्या त्यागाचा आणि सेवेचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि ते अयोग्यही नाही. परंतु त्यामुळे एक महत्त्वाचा शैक्षणिक प्रश्न मागे पडतो. भावनगरच्या बालमंदिरातील साधनाधिष्ठित शिक्षण ठाणे जिल्ह्यातील किनाऱ्यावर व डोंगरपट्टीत आले तेव्हा त्यातील साधने बदलली, जागा बदलली, आणि मुलांचे परस्परांशी व गावाशी असलेले नातेही बदलले. हे बदल एकमेकांपासून वेगळे होते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला असून हाताने शिकणे आणि समाज जोडणे या बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगातील दोन गोष्टी एकाच प्रक्रियेची दोन अंगे होती, असे प्रतिपादन केले आहे.

पार्श्वभूमी : रोम ते भावनगर

डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेंझो या गरीब कामकरी वस्तीत आपले पहिले बालगृह सुरू केले. पालक दिवसभर कामावर गेले की मोकाट राहणाऱ्या मुलांसाठी ते होते, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे ही पद्धती जगभर पसरली, तेव्हा अनेक ठिकाणी ती सधन कुटुंबांतील मुलांची पद्धती बनली. याचे एक कारण साधनांत होते. एक ते दहा सेंटिमीटर बाजूंच्या दहा घनांचा गुलाबी मनोरा, लाकडी ठोकळ्यांतील दट्टे, खरकागदाची अक्षरे ही साधने अचूक मापाची असावी लागत. मुलाने दट्टा चुकीच्या खाचेत घातला तर शेवटी एक दट्टा उरतो किंवा बसत नाही. चूक शिक्षक दाखवत नाही, साधनच दाखवते. या पद्धतीचे सारे सौंदर्य या स्वयंशोधनात आहे, आणि तिची किंमतही त्यातच आहे.

गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील होते. नानाभाई भट्ट यांनी स्थापन केलेल्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत ते १९१६ मध्ये दाखल झाले. माँटेसरींच्या विचारांनी प्रभावित होऊन १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. त्यांनी माँटेसरी पद्धती जशीच्या तशी उचलली नाही. गोष्टी, गाणी, नाट्य, लोकजीवनातील खेळ यांना त्यांनी साधनांच्या बरोबरीचे स्थान दिले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक राजकोट येथील नोकरी सोडून भावनगरला आल्या. १८९२ मध्ये मुंबईत एका प्रार्थनासमाजी कुटुंबात जन्मलेल्या आणि १९१४ मध्ये पदवीधर झालेल्या या विदुषीने गिजुभाईंबरोबर बालशिक्षणाचे पायाभूत काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ‘शिक्षणपत्रिके’च्या द्वारे ताराबाईंनी हा विचार मराठी वाचकांपर्यंत पोहोचवला आणि १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले.

येथवरचा प्रवास मुख्यतः शहरी मध्यमवर्गाचा होता. ‘बालमंदिर’ हा शब्दही सूचक आहे. मंदिरात भक्ताने चालत जावयाचे असते. जो तेथे पोहोचू शकत नाही त्याच्यापर्यंत मंदिर जात नाही. हीच मर्यादा ओलांडण्याची गरज ताराबाईंना पुढे जाणवली. महात्मा गांधींच्या नई तालीमच्या विचारामुळे खेड्यातील गरीब मुलाचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर ऐरणीवर आला होता. माँटेसरींचे तत्त्व खेड्याला परवडेल अशा रूपात आणता येईल काय, हा प्रश्न घेऊन ताराबाईंनी मुंबई सोडली.

बोर्डी : साधनांचे रूपांतर

१९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. बोर्डी हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. या कामी ताराबाईंना अनुताई वाघ यांची साथ लाभली. १९१० मध्ये पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताईंना बालपणीच वैधव्य आले होते. शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या आणि बोर्डीला आल्यानंतरचे त्यांचे सारे आयुष्य याच कामात गेले. हे वर्षही महत्त्वाचे आहे. याच १९४५ मध्ये याच परिसरात वारली शेतमजुरांनी वेठबिगारी व लग्नगडी पद्धतीविरुद्ध गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली लढा उभारला होता. ज्या घरांतील प्रौढ माणूस वेठीला धरला जात होता त्या घरांतील मुलाच्या शिक्षणाचा विचार किती कठीण असेल, याची कल्पना यावरून येते.

ग्रामीण बालवाडीला अचूक मापाची लाकडी साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी परिसरात विनामूल्य मिळणाऱ्या वस्तू आल्या. शिंपले, शंख, खडे, बिया, पाने, फुले, बांबूच्या कामट्या, माती हेच बालवाडीचे साहित्य झाले. हा बदल बहुधा ‘काटकसर’ या एकाच शब्दात सांगितला जातो. शैक्षणिकदृष्ट्या मात्र त्याचा अर्थ अधिक खोल आहे.

शिंपल्यांचा ढीग लहान-मोठ्या क्रमाने लावताना चूक दाखवणारी खाच नसते. दोन शिंपल्यांपैकी मोठा कोणता, हे एकाला लांबीवरून ठरवावेसे वाटेल, तर दुसऱ्याला रुंदीवरून. चिंचोके मोजताना एखादा सुटला तर तो शेजारच्या मुलाच्या ध्यानात येतो. म्हणजेच अचूक साधन चुकीची दुरुस्ती मुलापुरती ठेवते, तर गोळा केलेली वस्तू ती दुरुस्ती मुलामुलांच्या बोलण्यातून घडवते. पहिल्या प्रकारात एकाग्र, स्वावलंबी मूल घडते. दुसऱ्यात त्याबरोबरच तुलना करणारे, विचारणारे आणि मान्य करणारे मूलही घडू शकते. माँटेसरी पद्धतीच्या काटेकोर अनुयायांना साधनांतील अशी तडजोड पसंत पडणे शक्य नव्हते, आणि त्यांचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. नेमकेपणाचा संस्कार येथे काही प्रमाणात कमी होतो. मात्र त्या बदल्यात वर्गात एक लहानसा समाज आकाराला येतो.

याला दुसरीही बाजू आहे. साधने विकत आणलेली असली की ती शाळेची असतात, कपाटात राहतात, आणि ती हरवण्याची भीती असते. बिया आणि शिंपले मूल स्वतः घेऊन येते. घरच्या परड्यातील बी जेव्हा वर्गातील मोजणीचे साधन होते, तेव्हा आपल्या घरी आहे ते शिकण्याजोगे आहे, हा बोध मुलाला व त्याच्या आईलाही होतो. दारिद्र्याने आणि जातीने ज्यांना आजवर शाळेपासून दूर ठेवले होते त्यांच्या दृष्टीने हा बोध सामान्य नव्हता.

अंगण, कुरण आणि विकासवाडी

साधनांच्या रूपांतराबरोबर जागेचे रूपांतर आले. बोर्डीतील बालवाडीत दलित वस्तीतील मुले येईनात. मुले येत नाहीत तर बालवाडीनेच त्यांच्याकडे जावे, या विचारातून वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरू लागला. ‘अंगणवाडी’ या कल्पनेचा उगम येथे आहे. शिक्षिकेने थोडे साहित्य बरोबर न्यायचे, अंगण झाडून घ्यायचे, मुलांना गोळा करायचे, त्यांची स्वच्छता पाहायची, मग गाणी, गोष्टी, खेळ आणि हाताची कामे घ्यायची, असे तिचे स्वरूप होते.

अंगणातील वर्गाला भिंत नसते. हा अभाव वाटला तरी समाजबांधणीच्या दृष्टीने तेच त्याचे बळ ठरले. भात कांडणारी आई, ओटीवर बसलेली आजी, येणारेजाणारे शेजारी यांच्या डोळ्यांदेखत मूल शिकत होते. नखे कापणे, केस विंचरणे, आंघोळ घालणे या गोष्टी उपदेशाने सांगाव्या लागल्या नाहीत, त्या समोर घडताना दिसल्या. त्याहून महत्त्वाचे असे की, सवर्ण घरातून आलेली शिक्षिका दलित वस्तीतील मुलाला जवळ घेते, त्याचे अंग पुसते, हे दृश्य त्या काळी गावाच्या दोन्ही बाजूंना काही सांगत होते.

१९५७ मध्ये हे कार्य बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या परिसरात हलवण्यात आले. येथे प्रश्न आणखी बिकट होते. मूल शाळेत न येण्यामागे पालकांची अनास्था हे एकमेव कारण नव्हते. थोरला मुलगा गुरे राखत होता, थोरली मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन होती, आणि हंगामात सारे कुटुंबच मजुरीसाठी बाहेर पडत होते. बालपण म्हणून वेगळा ठेवलेला काळच त्या घरांत नव्हता. यावर काढलेले दोन उपाय विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिला उपाय कुरणशाळेचा. गुराखी मूल कुरण सोडू शकत नाही, म्हणून शिक्षकच कुरणात जात. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरे. दुसरा उपाय विकासवाडीचा. तीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. भावंड सांभाळणारी मुलगी त्याला घेऊनच शाळेत येई. तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि ती स्वतः प्राथमिक वर्गात बसे. शिक्षणशास्त्रात वयोगटांची विभागणी सोयीची असते, परंतु गरीब घरातील मुले अशी विभागून जगत नाहीत. कुटुंबाची रचना ओळखून शाळेची रचना बदलणे, हे विकासवाडीचे मर्म होते. बालवाडीत शिकलेले मूल पहिलीत गेल्यावर एकाएकी परक्या, पाठांतराच्या वातावरणात जाऊन पडत नाही, हाही तिचा लाभ होता.

मर्यादा

या प्रयोगाचे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. हे कार्य असामान्य निष्ठेच्या व्यक्तींवर उभे होते, आणि अशी निष्ठा शासकीय आदेशाने निर्माण होत नाही. स्वच्छता, नीटनेटकेपणा, प्रमाण मराठी यांच्या संस्कारांत मध्यमवर्गीय दृष्टीचा अंश होता. वारली बोली व वारली जीवनदृष्टी यांना स्वतंत्र ज्ञान म्हणून किती स्थान द्यावे, हा प्रश्न पुढील काळात अधिक तीव्रतेने विचारला गेला. शिवाय, जमीन आणि मजुरी यांचे प्रश्न बालवाडी सोडवू शकत नव्हती. ते लढे वेगळ्या क्षेत्रात लढले गेले. परंतु मूल आणि त्याचा समाज एकत्रच पाहावा लागतो, ही जाणीव या प्रयोगाने दिली, हे नाकारता येत नाही.

नावाचा प्रसार आणि आशयाचा प्रश्न

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, कोसबाडचे कार्य चालवले. दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा या योजनेत होत्या. कुपोषण व बालमृत्यू यांचे गांभीर्य पाहता आहार-आरोग्याला अग्रक्रम मिळणे स्वाभाविकच होते. तथापि वजनाच्या नोंदी, आहारवाटप आणि सर्वेक्षणे यांच्या भाराखाली सहावी सेवा, म्हणजे शिक्षण, अनेक ठिकाणी मागे राहिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही सहा ते चौदा हाच वयोगट हक्काच्या कक्षेत घेतला. त्याखालील मुलांसाठी शासन आवश्यक ती व्यवस्था करू शकेल, एवढीच तरतूद त्यात आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयोगटाचा सलग पायाभूत स्तर मानला. विकासवाडीने बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांच्यात जे सातत्य साधले होते, त्याचेच हे धोरणात्मक रूप म्हणता येईल. २०२२ च्या पायाभूत स्तरावरील अभ्यासक्रम आराखड्याने खेळातून शिक्षणाचा पुरस्कार केला आणि २०२३ मध्ये खेळणी, कोडी, चित्रपट्ट्या असलेला ‘जादुई पिटारा’ हा संच आला. दिशा योग्यच आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की पेटी उघडली जाते तेव्हा तिच्यात भर घालण्याची मुभा मुलांना, त्यांच्या आईवडिलांना आणि अंगणवाडी सेविकेला आहे काय? गावाने काहीच घातले नाही अशी पेटी पुन्हा कपाटात जाण्याची शक्यता असते.

समारोप

भावनगर ते कोसबाड या प्रवासात बालशिक्षणाने मंदिर, वाडी, अंगण आणि कुरण अशी स्थानांतरे केली. प्रत्येक स्थानांतरात साधने साधी होत गेली आणि शिकणाऱ्यांचे वर्तुळ रुंद होत गेले. मुलाच्या हातात काय द्यावे हा प्रश्न ते कोणाबरोबर शिकते या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय. आज देशभर लाखो केंद्रांवर ‘अंगणवाडी’ हे नाव लिहिलेले आहे. त्या नावातील अंगण जेथे जिवंत आहे, म्हणजे जेथे गावातील वस्तू, गावातील माणसे आणि गावातील सर्व जातींची मुले एकत्र येतात, तेथे ताराबाई व अनुताई यांचा प्रयोग पुढे चालू आहे. जेथे ते केवळ पाटीवर उरले आहे, तेथे तो नव्याने सुरू करावा लागेल. त्यासाठी फार मोठ्या भांडवलाची गरज नाही, हे बोर्डीच्या शिंपल्यांनी पूर्वीच सिद्ध केले आहे. गरज आहे ती मुलापर्यंत चालत जाण्याची.